पेटीतलं हसू

गारोच्या सलूनमध्ये मान खाली घालून बसलेल्या अर्विन क्रॅसिकला आपल्या बायकोचं हसणं ऐकू आलं. मार्सेलाला जाऊन नऊ वर्षं झाली होती, तेव्हा खरं तर त्याने दचकायला हवं होतं. पण तो दचकला नाही. तिचं हसणं त्याला असं अधूनमधून कुठेही भेटायचं. दातांच्या डॉक्टरकडे, टायर बदलायच्या दुकानात, जिथे जिथे दुपारच्या वेळी जुन्या मालिका लावून ठेवतात तिथे तिथे. आधी एक छोटा श्वास, मग जिना चढावा तसे वर जाणारे तीन सूर आणि शेवटी ‘पुरे आता’ म्हटल्यासारखा एक उसासा. त्याच्या पेटीतली, वरच्या ओळीतली तिसरी पट्टी. आली बया, असं तो सवयीने मनात म्हणतो न म्हणतो तोच त्या हसण्याच्या पोटातून एक वाक्य गेलं. ‘‘मी दमते,’’ टीव्हीतली बाई म्हणत होती. ‘‘कुणी विचारत नाही, पण मी दमते.’’ अर्विनने झटकन मान वर केली.

‘‘हलू नकोस,’’ गारो म्हणाला. ‘‘कान गेला तर या वयात दुसरा कुठून आणशील? आमच्या ग्लेनडेलमध्ये सगळं मिळतं, पण कान नाही मिळत.’’

समोरच्या आरशात टीव्ही उलटा दिसत होता. कधी न चाललेल्या मालिकांची थट्टा करण्याचा कसला तरी कार्यक्रम होता. चकचकीत दातांचा एक निवेदक सांगत होता की लेडी मेरिडियनला, चित्रकथांमधल्या त्या लाडक्या महाबलाढ्य बाईला, टीव्हीवर आणायचा प्रयत्न तीन वेळा झाला आणि तिन्ही वेळा गाडी पायलटपुढे गेली नाही. पायलट म्हणजे मालिका घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी आधी काढलेला एकुलता एक भाग. मग तीनही पायलटांचे तुकडे दाखवले. शेवटच्यातली टेनिसपटू होती, तिला बोलताच येत नव्हतं. मधलीला पोशाख घट्ट झाला होता. पण निवेदकाला खरी मजा पहिलीचीच वाटत होती, सदुसष्ट सालच्या. चंदेरी पोशाखातली चोवीस वर्षांची पोरगी गच्चीच्या कठड्यावर पाय सोडून बसते, शेजारच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला म्हणते की मी दमते, आणि लोक खो खो हसत सुटतात. ‘‘या व्हर्ना टिल्सनबाई आता रिसीडामध्ये लोकांचे कपडे दुरुस्त करून देतात,’’ निवेदक म्हणाला. ‘‘मालिका फाटली ती फाटलीच, पण बाई शिवताहेत.’’ बाकावर बसलेला प्लंबर हसला. त्याच्या शेजारचा निवृत्त पोस्टमनही हसला. अर्विनच्या कानाने आपण होऊन मोजलं: पेटीतल्या हसण्यानंतर अर्ध्या सेकंदाने. तीस वर्षं झाली तरी त्याची पट्टी दाबली की माणसं हसत होती.

‘‘बिचारी,’’ गारो कात्री हवेत धरून म्हणाला. ‘‘चांगलं बोलत होती की. हसण्यासारखं काय होतं त्यात?’’

गारोने अर्विनची मान पुन्हा खाली दाबली तेव्हा त्याला बरंच वाटलं, कारण त्या स्थितीत माणसाला आरशात स्वतःकडे बघावं लागत नाही.

त्याच्या धंद्याला नाव नव्हतं. श्रेयनामावलीत तो कधी आला नाही, आणि कधी कुणी विचारलं तर तो ‘आवाजाचं काम’ एवढंच सांगे. मालिकांमध्ये हशा भरायची ती पेटी कमरेइतकी उंच होती, लाकडी, तिला पुढून आणि मागून कुलूप. आत अठ्ठावीस फिती गोल गोल फिरत, आणि प्रत्येक फितीवर कधीकाळी कुठेतरी खरोखर हसलेली माणसं. पट्टी दाबली की ती हसत, बोट उचललं की गप्प होत. ती हसणी त्याने पंचावन्न साली एका मूकाभिनय करणाऱ्या नटाच्या खेळात टिपली होती, कारण तो नट बोलत नसे आणि हसण्यात शब्द मिसळत नसत. पहिल्या रांगेत मार्सेला बसली होती. तिला फुकट तिकीट मिळालं म्हणून ती खूश होती, एवढंच. आपण त्या दिवशी जे हसलो ते पुढे पंचवीस वर्षं घरोघरी ऐकू जाणार आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि अर्विननेही ते कधी सांगितलं नाही. आधी गंमत म्हणून, मग धंद्याचं गुपित म्हणून, आणि मग सांगायची वेळ निघून गेली म्हणून. पेटीबद्दल बाहेर बोलायचं नाही हा पहिला नियम होता. कोणी विचारलं तर प्रेक्षक हसले असं म्हणायचं. घरी आल्यावर मार्सेला भांडी घासता घासता विचारायची, ‘‘आज कुणाला हसवलंस?’’ आणि तो म्हणायचा, ‘‘कुणाला नाही.’’ पुढे पुढे तीही हसेनाशी झाली. तिच्या आयुष्यातलं सगळं हसू जणू आपण एका दुपारी काढून घेतलं, असं त्याला ती गेल्यावर वाटू लागलं. असं वाटून घेणं सोपं होतं. जिवंतपणी एकदा विचारलं असतं, तर ते अवघड गेलं असतं.

पण गारोच्या खुर्चीत त्याला जे आठवत होतं ते मार्सेलाचं नव्हतं. ते त्याने तीस वर्षं व्यवस्थित घडी घालून ठेवलं होतं, आणि आता तो चकचकीत दातांचा माणूस ते चौकात झटकत होता. तो पायलट विनोदी नव्हताच. दिवसा भूगोल शिकवणारी एक शिक्षिका पूल कोसळताना बस उचलून धरते आणि संध्याकाळी गच्चीवर एकटी बसते, अशी साधी, जराशी उदास गोष्ट होती. सनसेट मार्गावरच्या एका थिएटरात रस्त्यावरचे तीनशे लोक बोलावून तो दाखवला गेला. नटनट्यांना अशा खेळाला येऊ देत नसत. त्यांचा चेहरा पडला की पुढचं काम बिघडतं. अर्विनला मात्र मायक्रोफोन घेऊन बसवलं होतं, लोकांची दाद टिपायला. आणि लोकांनी दाद दिली, फक्त ती मायक्रोफोनवर उमटली नाही. एकतिसाव्या मिनिटाला ती म्हणाली की मी दमते, आणि थिएटर गप्प झालं. अर्विनने आयुष्यभर शांतता भरून काढायचंच काम केलं होतं. तीन सेकंदांपेक्षा लांब शांतता त्याला दाढेत अडकलेल्या तुसासारखी सलायची. ही अकरा सेकंदं चालली. उजवीकडे कुणीतरी खुर्चीत पुढे सरकलं. एक बाई खोकली, पण तो खोकला नव्हता, रडू लपवण्यासाठी बायका जे करतात ते होतं. अर्विनला ते तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं त्याला कधीही म्हणता आलं नसतं.

निर्माता ऑल्कॉट मागे उभा होता आणि त्याला त्या शांततेत आपला घात दिसला. वाहिनीला त्या वर्षी रंगीबेरंगी, खिदळणारं काहीतरी हवं होतं. ‘‘मेले सगळे,’’ तो बाहेर येऊन म्हणाला. ‘‘प्रेतयात्रेला आल्यासारखे बसले होते. अर्विन, आता तूच. उद्या सकाळी पेटी घेऊन ये.’’ आणि अर्विन गेला. एवढंच. कुणी त्याच्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. सकाळी नऊ ते दुपारी एक, मधे कोल्ड मीट सँडविच आणि कॉफी. बस उचलली, हशा. पूल पडला, हशा. गच्चीवर पोचल्यावर त्याचा हात जरा थांबला हे खरं आहे, पण तो वाईट वाटून थांबला नव्हता. अकरा सेकंद भरायला एक पट्टी पुरणार नाही म्हणून थांबला होता. मग त्याने मार्सेलापासून सुरुवात केली, तिच्यावर पुरुषांचा गडगडाट चढवला, आणि उतरताना पुन्हा मार्सेला एकटी. काम फार सुबक झालं. ऑल्कॉटने त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप अर्विनला आवडली होती. सगळ्यात लाज वाटायची ती या आवडण्याची.

त्या दिवशी दुपारी व्हर्नाला तो हशा भरलेला पायलट दाखवला. पिवळा ब्लाउज, डाव्या खांद्यावर, उडण्याच्या प्रसंगांसाठी बांधलेल्या तारांच्या पट्ट्याने सोलवटलेल्या जागी चिकटपट्टी. अर्विन मागे दाराशी उभा होता, शेजारी गाडीवर पेटी, पेटीवर घोंगडी. ‘‘ऐका,’’ ऑल्कॉट अंधारात म्हणत होता, ‘‘तीनशे माणसं आहेत. मी काही बोलत नाही, तीच सांगताहेत. आपण हे विनोदी करतोय.’’ दिवे लागल्यावर ती सरळ बाहेर गेली आणि पाण्याच्या नळाशी कागदी पेला भरून उभी राहिली. मग तिने अर्विनला ओळखलं.

‘‘तुम्ही होतात ना तिथे? मायक्रोफोन घेऊन?’’

‘‘हो.’’

‘‘माणसं एवढी हसली?’’

त्याचं कोपर घोंगडीवर होतं. घोंगडीखाली कुलूप होतं आणि कुलपाखाली त्याची बायको. तो म्हणाला, ‘‘हो.’’

तिने मान हलवली. कागदी पेल्याची चौकोनी घडी घातली, जवळपास टोपली नव्हती म्हणून ती पर्समध्ये ठेवली, आणि म्हणाली, ‘‘बरं झालं. वेळेवर कळलं.’’ मग ती गेली. वाहिनीने तो पायलट तरीही घेतला नाही. हसावं की रडावं कळत नाही, असा निरोप आला. व्हर्ना टिल्सन हे नाव अर्विनने त्यानंतर पडद्यावर कुठेच वाचलं नाही, आणि सुरुवातीची दोन वर्षं तो ते शोधत होता.

गारोकडून आल्यावर चार दिवस त्याने स्वतःशी पुष्कळ घासाघीस केली. तिला आता काय करायचंय, हे एक. माझं ओझं मी तिच्या डोक्यावर का ठेवू, हे दुसरं; ते फार थोर मनाचं वाटायचं आणि म्हणूनच खोटं वाटायचं. शेवटी गॅरेजमधला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून त्याने त्यातली फीत कॅसेटवर उतरवून घेतली. सनसेटच्या थिएटरातली फीत. ऑल्कॉटने पुसायला सांगितली होती, त्याने डब्यावर ‘कोरी’ लिहून ठेवून दिली. हे एखाद्याला सांगितलं तर त्याला वाटेल, पाहा, माणसाचं मन कुठेतरी खात होतं. मन नव्हतं खात. त्या फितीवरचे खोकले आणि खुर्च्यांचे आवाज चांगले होते, पुढे कामाला येतील म्हणून ठेवली होती.

मग एका मंगळवारी सकाळी तो रिसीडाला गेला. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून, चौऱ्याहत्तर वर्षांचा हा शूर पुरुष एक पँट आखूड करायला घेऊन गेला. दुकान अरुंद होतं, इस्त्रीच्या वाफेचा वास, मशीनशेजारी मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली एक बाई. केस पांढरे, चष्मा दोरीला लटकलेला. आवाज तोच.

‘‘घालून या आत,’’ ती वर न बघता म्हणाली. ‘‘आणि या आठवड्यातले तुम्ही सहावे. टीव्ही बघून आलात ना? तर बघून घ्या आधी, म्हणजे मला नीट काम करता येईल. एकाने तर धडधाकट कोट आणला होता, उसवून तरी आणायचा.’’

तिने त्याला एक वीतभर उंचीच्या चौथऱ्यावर उभं केलं आणि स्वतः तोंडात टाचण्या धरून त्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. अर्विनने हा प्रसंग चार दिवस मनात अनेक प्रकारे पाहिला होता, पण आपण उंचावर आणि ती पायाशी असं कधी पाहिलं नव्हतं. डावा पाय झाला. ती उजव्याकडे सरकली तेव्हा तो म्हणाला, ‘‘मिस टिल्सन, मी त्या थिएटरात होतो. मायक्रोफोन घेऊन. तुम्ही मला पाण्याच्या नळाशी विचारलं होतं.’’

तिचा हात थांबला. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. सहा होत्या. तेवढ्या वेळात त्याने सगळं सांगितलं. पेटी, कुलूप, नऊ ते एक. मार्सेला सोडून काहीच गाळलं नाही, खोकलेसुद्धा.

‘‘म्हणजे कोणी हसलं नव्हतं,’’ ती म्हणाली.

‘‘नाही.’’

‘‘कोणीच?’’

‘‘एकही माणूस नाही.’’

‘‘मग करत काय होते?’’

‘‘ऐकत होते,’’ अर्विन म्हणाला, आणि तिचा विश्वास बसणार नाही म्हणून खिशातली कॅसेट पुढे केली.

शिलाई मशीनजवळ जुना टेपरेकॉर्डर होता. तिने कॅसेट घातली. फितीवर आधी नुसती खरखर, मग लांबून, विहिरीतून यावा तसा पायलटमधला आवाज, आणि त्याभोवती तीनशे माणसांचं बसून असणं. तो आवाज कशासारखा असतो ते सांगता येत नाही, पण असतो. चौथऱ्यावरून उतरायचं अर्विनला सुचलं नाही. ती मशीनच्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर. बस उचलली गेली, पूल पडला. मधे एक गिऱ्हाईक दार ढकलू लागलं तर तिने न बघताच हाताने परत पाठवलं. मग गच्ची आली. तिचा चोवीस वर्षांचा आवाज म्हणाला, कुणी विचारत नाही, पण मी दमते. शांतता. अर्विन तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्या हाताकडे बघत होती. त्यानेही खाली पाहिलं. त्याची उजव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर हलत होती. तिसरं बोट, मग दोन शेजारची, मग पुन्हा तिसरं.

‘‘असं वाजवलंत?’’ ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. तिने टेप बंद केला.

‘‘तुम्हाला एक सांगते,’’ ती म्हणाली, अगदी शांतपणे, भूगोल शिकवल्यासारखी. ‘‘मला काही त्या हसण्याचं दुःख नव्हतं. पहिली काही वर्षं होतं, मग गेलं. मी म्हटलं, व्हर्ना, बाकीच्या पोरी चाळिशीपर्यंत दारोदार फिरतात, तुला चोविसाव्या वर्षी कळलं. तू शहाणी. वेळेवर उठलीस. आईला तेच सांगितलं, नवऱ्याला तेच सांगितलं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरींना सांगते. तीस वर्षं मी त्या शहाणपणावर राहिलेय. तुम्ही आत्ता तेच काढून घेतलंत. तुम्हाला बरं वाटलं का?’’

त्याला बरं वाटलं नव्हतं, पण वाटेल या आशेने तो आला होता, आणि ते तिला दिसत होतं. तो म्हणाला, ‘‘मला माफ करा.’’

‘‘नंतर बघू,’’ ती म्हणाली. ‘‘बाहेर बसा. मला हे पहिल्यापासून ऐकायचंय आणि तुमची बोटं इथे नकोत.’’

दुकानाबाहेर एक बाक होता. डावा पाय घोट्याच्या वर टाचलेला, उजवा लोळणारा, अशा अवस्थेत अर्विन उन्हात जाऊन बसला. आपली चांगली पँट आत खुंटीवर आहे हे त्याला आठवलं, पण आत जायची छाती नव्हती. समोरच्या थांब्यावर दोन बायका बसची वाट बघत होत्या. एकीने त्याच्या पायांकडे पाहून दुसरीला कोपराने ढोसलं आणि दोघी हसल्या. साधं, आवरतं घेतलेलं हसू. त्याने एकदम पाय बाकाखाली ओढले. हे हसू आपल्याकडे कुठल्या पट्टीवर होतं ते तो शोधू लागला, आणि मग शोधायचं थांबला. पेटीतली माणसं कुणाच्या तोंडावर हसली नव्हती. ती एका नटाला हसली होती, जो त्यासाठीच उभा होता. त्यांना त्याने तिथून उचलून एका पोरीच्या अंगावर सोडलं होतं, मार्सेलासकट. मार्सेला त्या वाक्याला कधीच हसली नसती. त्या वर्षी दोन मुलं, आजारी सासू आणि कपड्यांच्या दुकानात अर्धा दिवस उभं राहणं, एवढं तिच्यामागे होतं. तिने ते वाक्य ऐकलं असतं तर ती त्या खोकणाऱ्या बाईच्या शेजारी बसून खोकली असती.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने घड्याळात पाहिलं. विसावं मिनिट. सव्विसावं. एकतिसाव्याला त्याचं तिसरं बोट आपोआप उचललं गेलं तेव्हा त्याने तो हात मांडीखाली घालून त्यावर बसून घेतलं, लहान मुलांना शिक्षा देतात तसं, आणि अकरापर्यंत मोजलं. ती अकरा सेकंदं कधी नव्हे ती पूर्ण रिकामी गेली. फार लांब होती.

दार उघडलं तेव्हा पन्नास मिनिटं होऊन गेली होती. व्हर्ना टिल्सनचा चष्मा छातीवर लोंबत होता आणि डोळ्यांच्या कडा लाल होत्या.

‘‘उजवीकडे कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली,’’ ती म्हणाली. ‘‘मी बोलत असताना. नीट ऐकू यावं म्हणून सरकतात तसं. बरोबर ना?’’

‘‘हो,’’ अर्विन म्हणाला.

ती जरा वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. खरा की खोटा हे तपासत असावी. मग म्हणाली, ‘‘आत या. उजवा पाय राहिलाय.’’

‘‘राहू द्या हो, मिस टिल्सन. मी असाच जातो.’’

‘‘माझ्या दुकानातून कुणी एक पाय लोळत जात नाही. उभे राहा.’’

तो पुन्हा चौथऱ्यावर चढला. ती पुन्हा खाली बसली. टेपरेकॉर्डरचं झाकण उघडं होतं आणि कॅसेट आत नव्हती. ती तिच्या शिवणाच्या डब्याच्या खणात, दोऱ्याच्या रिळांमध्ये ठेवलेली दिसत होती. त्याने मागितली नाही. तिने कापड घोट्याशी दुमडलं, मागे सरकून दोन्ही पाय एका रेषेत आहेत का ते पाहिलं, पुन्हा पुढे आली.

‘‘टीव्हीवर ऐकलं मी परवा,’’ ती खालूनच म्हणाली. ‘‘त्यात सुरुवातीला एक बाई एकटीच हसते. शेवटीही तीच. तीस वर्षं मी तिलाच शिव्या दिल्यात, बाकीच्यांना नाही. ती कोण?’’

‘‘माझी बायको.’’

‘‘आहेत?’’

‘‘नाही. नऊ वर्षं झाली.’’

‘‘तिला माहीत होतं? तुम्ही तिला कुठे कुठे हसवलंत ते?’’

‘‘नाही,’’ अर्विन म्हणाला. ‘‘तिला मी कधीच सांगितलं नाही.’’

व्हर्ना टिल्सनने एक टाचणी तोंडातून काढली आणि काळजीपूर्वक कापडात घातली.

‘‘तिला तरी सांगायचं होतंत,’’ ती म्हणाली, आणि त्याला सरळ उभं राहायला सांगून पुढची टाचणी घेतली.